दोन घरची पाहुणी

मोठ्याबाई, तुमची मांजर सकाळी जेवली. अर्धं अंडं आणि चमचाभर भात. 'तुमची' म्हणाले, हे नीट ऐकून ठेवा, कारण पाच वर्षांत एकदाही हा शब्द मी तोंडातून काढला नव्हता. तुम्ही भिंतीपलीकडून विचारायचात, "माही मांजर जेवली का?" आणि मी मुद्दाम म्हणायचे, "हाव, माही मांजर जेवली." हा वाद काही मिटला नाही. तुम्ही गेलात म्हणून मी तो सोडून दिला असंही समजू नका. फक्त आजचा दिवस तुमचा.

तेरवी परवा झाली. पाहुणे गेले, मांडव सुटला, उरलेल्या बुंदीचे डबे ज्याचे त्याला पोचले. मी अंगणवाडीच्या जुन्या रजिस्टरची मागची कोरी पानं काढून बसले आहे. सरकारी कागद आहे, म्हणून तुम्ही एकदा तरी टोकलं असतंत. वीसेक वर्षं मी यात लेकरांची वजनं लिहिली, कोणाचं वाढलं, कोणाचं घटलं. मोठ्या माणसाबद्दल लिहायची ही पहिलीच वेळ आहे, तेव्हा चुकेल तिथे सांभाळून घ्या.

आपण जावा-जावा, भिंतीला भिंत लागून घरं, म्हणजे आपलं रोजचं येणं-जाणं असणार असं परक्या माणसाला वाटतं. वरवटमधल्या जुन्या लोकांना मात्र ठाऊक आहे की नऊ वर्षं आपण एकमेकींशी एक शब्द बोललो नव्हतो. आणि त्याचं कारण माझं एक वाक्य होतं, हे आपल्या दोघींना ठाऊक आहे.

अमोल तेव्हा आठ वर्षांचा होता. मी अंगणवाडीत गेले की माझं लेकरू तुमच्याकडेच. दुपारचं जेवण तुमच्या ताटात आणि झोप तुमच्या मांडीवर. त्या दिवशी तो कडब्याच्या गंजीवर चढला आणि पडला. हात मनगटापाशी मोडला. तुम्ही त्याला कडेवर घेऊन भर दुपारी अनवाणी दवाखान्यापर्यंत चालत गेलात. मी धावत पोचले तेव्हा तुमच्या तळपायांना फोड आले होते. ते मी पाहिले. पाहूनही चार माणसांसमोर म्हणाले, "जिले सोताचं लेकरू नाही, तिले दुसऱ्याच्या लेकराचं काय दुखते?"

अमोलचा चांगला हात तुमच्या हातात होता, तो माझ्या हातात दिलात आणि घरी निघून गेलात.

पुढच्या वर्षी भावाभावांच्या वाटण्या झाल्या. त्या कधी ना कधी व्हायच्याच होत्या, माझ्या बोलण्याशी त्यांचा संबंध नाही, असं मी स्वतःला सांगत आले. अंगणाच्या मधोमध विटांची भिंत उठली. तुमच्या बाजूच्या पाण्याला वाट नव्हती, म्हणून भिंतीच्या बुडाशी हातभर रुंद मोरी ठेवली. तुमच्या भांड्यांचं, कपड्यांचं पाणी त्या मोरीतून माझ्या अंगणात यायचं आणि पुढे रस्त्याच्या नालीत जायचं. नऊ वर्षं आपलं बोलणं नव्हतं, पण तुमच्या घरी आज काय शिजलं ते मला पाण्यावरून कळायचं.

भाऊजी गेले तेव्हा मी आले. तीन दिवस तुमची चूल सांभाळली. तुम्ही जेवलात, पण "मीठ कमी आहे" एवढंही म्हणाला नाहीत. मीठ खरंच कमी होतं. त्यानंतर तुम्ही गळ्यात तुळशीची माळ घातलीत, कांदा-लसूणसुद्धा सोडलात, आणि मोरीतून येणाऱ्या पाण्याचा वास बदलला. अमोल मात्र चेंडू गेल्याचं निमित्त करून तुमच्याकडे जायचा. परत येताना त्याचे खिसे शेंगदाण्यांनी फुगलेले असायचे. मला ते दिसायचं आणि मी न दिसल्यासारखं करायचे. एवढा शहाणपणा माझ्यात होता.

मग ती आली. हरभरा निघून शेतं मोकळी झाली होती, ऊन चढायला लागलं होतं. सकाळी अंगण झाडताना मोरीच्या तोंडाशी मला एक मळकी चिंधी दिसली. झाडूने ढकलायला गेले तर चिंधीने डोळे उघडले. पाठीचा मणका न् मणका मोजून घ्यावा अशी ती. कानांत गोचिड्या, शेपटी दोरीसारखी, आणि ओरडायला तोंड उघडायची पण आवाज निघत नव्हता. मी तिच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली. असं लेकरू आमच्याकडे आलं की आम्ही तालुक्याला कळवतो. मांजरीसाठी कोणाला कळवायचं, ते कुठल्या रजिस्टरात नव्हतं.

घरी घ्यावं की नाही, यावर मी अर्धा तास घालवला. तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्याकडे मांजर हातून मेली तर काय सांगतात. सोन्याची मांजर करून काशीला द्यावी लागते. म्हणून दाराशी मरतुकडं मांजर आलं की माणसं दार लोटून घेतात. बाहेर मेलं तर त्याचं नशीब, घरात मेलं तर आपलं पाप. मीही पदर खोचून उभी होते आणि मनात सोन्याचा भाव आठवत होते. मग लाज वाटली आणि तिला सोयाबीनच्या रिकाम्या पोत्यावर उचलून घेतलं.

कुपोषणात माझा हात धरणारं आपल्या गावात कोणी नाही, असा मला तोरा होता. अंगणवाडीत लेकरांना मोजायचा झोळीचा काटा जुना झाला म्हणून घरी पडलेला होता, तो मी आड्याला टांगला आणि मांजरीला झोळीत घातलं. सव्वा किलो. पूर्ण वाढलेल्या मांजरीचं वजन एवढंच. आमचे हे हसून म्हणाले, "नाव टाक तिचं अंगणवाडीत, खाऊ तरी भेटीन." मी लक्ष दिलं नाही. उपाशी राहिलेल्या पोटाला एकदम भरपूर द्यायचं नसतं, थोडं थोडं आणि वारंवार द्यायचं असतं, हे मी गावातल्या निम्म्या आयांना शिकवलेलं होतं. तेच मी तिला लावलं. दोन-दोन तासांनी एक चमचा. उकडलेल्या अंड्याचा पिवळा भाग पाण्यात कालवून, कधी पातळ भाताची पेज. अंगणवाडीला जाताना ह्यांना बजावून जायचे.

दोन दिवस बरी गेली. तिसऱ्या दिवशी ओकली. मग हगवण लागली. पोट भरलेल्या पखालीसारखं टम्म. मी पेज बंद केली. मग अंडं बंद केलं. साखर-मिठाचं पाणी पाजलं. सुधारतेय असं वाटायचं आणि संध्याकाळी पुन्हा तेच. काट्यावर घातली तर वजन उतरलेलं. माझ्या हाताखालचं लेकरू असं कधी मागे गेलं नव्हतं. रोज दुपारी ती कशीबशी उठून मोरीत शिरायची. मला वाटायचं, गारव्याला जाते.

गारव्याला कसली जाते. ती तुमच्याकडे जात होती.

आणि तुम्ही काय करत होता? वाटीभर म्हशीचं दूध, त्यात भाकरी कुस्करून, वर तुपाचा गोळा. दारी आलेल्या भुकेल्या जिवाला पोटभर घालायचं, हाच तुमचा एकमेव डॉक्टरी नियम. ती ओकली की तुम्ही तिला हिंगाचं पाणी द्यायचात. जरा हुशारली की पुन्हा वाटी. मी चमच्याने द्यायचे म्हणून ती भुकेली तुमच्याकडे यायची, आणि तुम्ही वाटीने द्यायचात म्हणून ती आजारी होऊन माझ्याकडे यायची. मी तुमच्या दुधाचा इलाज करत होते, तुम्ही माझ्या उपासाचा. अबोला धरलेल्या दोन जावांच्या मध्येच एक जीव असा मरू शकतो.

आठव्या-नवव्या दिवशी सकाळी ती मोरीतच आडवी पडलेली दिसली. डोकं माझ्या बाजूला, मागचे पाय तुमच्या बाजूला, आणि पोट भिंतीच्या आत. मी खाली बसले, तिच्या तोंडापाशी चमचा नेला. तेवढ्यात पलीकडून मोरीत एक हात आला. हिरव्या बांगड्या नसलेला, माझ्या ओळखीचा हात, आणि त्यात वाटी.

"कोन आहे?" तुम्ही विचारलंत. जणू माझ्या अंगणात दुसरं कोणी असणार होतं.

"मी आहो."

वाटी जमिनीवर टेकल्याचा आवाज आला. मग तुम्ही म्हणालात, "सुमन, तू काय देऊन राह्यली इले?"

"अंड्याचं पाणी. चमचा-चमचा. अन् तुमी?"

"दूध."

"किती?"

"वाटीभर."

"दिवसाची?"

"दोन वाट्या. कधी तीन."

नऊ वर्षांनी बोलायला तोंड उघडलं आणि मी तुम्हाला भांडले. "मारता काय तिले? पोट फुटलं असतं तिचं." तुम्हीही काही कमी नव्हतात. "तू उपाशी मारून राह्यली होती त मी दिलं. चमच्यानं कोनी पोसलं का जितराब?" मी म्हणाले, मी हेच काम पंधरा वर्षं करते. तुम्ही म्हणालात, मांजरीला सही करता येत नाही म्हणून ती तुझ्या रजिस्टरात बसत नाही. आपण दोघी जमिनीवर पालथ्या, मोरीला तोंड लावून भांडत होतो. हे ओट्यावरून पाहत होते. त्यांनी नंतर सांगितलं, त्यांना मध्ये पडायची छाती झाली नाही, आणि इच्छाही झाली नाही.

मग तुम्ही आवाज खाली आणलात. "मेली त सोन्याची मांजर द्या लागीन काशीले. दोघीत एक देऊ, का दोन लागतीन?"

मी हसले नाही, पण तोंड दाबून धरावं लागलं. "जळगावले नेऊ," मी म्हणाले. "आताची गाडी आहे."

जळगाव जामोदच्या एसटीत आपण शेजारी-शेजारी बसलो होतो. भाजीच्या पाटीत ती, वर तुमचं जुनं लुगडं, पाटी दोघींच्या मांडीवर अर्धी-अर्धी. कंडक्टरने विचारलं, "काय आहे वो मावशी यात?" तुम्ही सरळ तोंडाने म्हणालात, "पाहुनी आहे. तब्येत बरी नाही तिची." तो लुगड्याखाली डोकावला आणि पुढे गेला. तिचं नाव तिथेच पडलं. मी नंतर तिला दोन-तीन चांगली नावं ठेवून पाहिली, ती कशालाच वळून बघायची नाही. वळायची ती फक्त वाटीवर चमचा वाजला की.

त्या तासाभराच्या प्रवासात मी ते वाक्य परत घेणार होते. शब्द जुळवून ठेवले होते. पण गाडी गच्च भरलेली, बाजूला एक ओळखीची बाई, आणि पाहुणीने नेमका तेव्हाच आवाज काढला. पहिल्यांदाच. फाटक्या पिपाणीसारखा. तुम्ही लुगडं बाजूला करून म्हणालात, "बोलली वो." तुमचा चेहरा इतका उजळला की मला माझे शब्द तिथे घालावेसे वाटले नाहीत.

जनावरांच्या दवाखान्यात आपल्यापुढे एक बैल, दोन शेळ्या. डॉक्टर तरुण होते, मांजर पाहून आधी त्यांनाच नवल वाटलं. कातडीखाली सलाईन दिलं, गोचिड्या काढल्या आणि विचारलं, "खाऊ कोण घालतं हिला?"

"मी," आपण दोघी एकदम म्हणालो.

त्यांनी एकदा तुमच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. सगळं विचारून घेतलं आणि म्हणाले, "दूध पूर्ण बंद. अंडं द्या, चालत असेल तर कोंबडीचं पाणी द्या. थोडं थोडं. आणि काहीही करा, पण एकीनेच द्या."

बाहेर आल्यावर तुम्ही म्हणालात, "दोन घरचा पाहुना उपाशी म्हनते. हे त खाऊन मरून राह्यली होती." तेव्हा मात्र मी हसले. तुम्ही हसला नाहीत. तुमच्यापुढे अंडं उभं होतं.

परतीच्या गाडीत तुमचा एकच हेका. माळ गळ्यात असताना घरात अंडं शिजणार नाही. मी म्हणाले, मग ती माझ्याकडे राहील. यावर तुम्ही खिडकीबाहेर बघत राहिलात. गाव जवळ आलं तेव्हा म्हणालात, "शिजव तू. देईन मी."

असा आपला संसार सुरू झाला. अंडं माझ्या चुलीवर, ताबा तुमचा. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा. मी वाटी मोरीत सरकवायचे, तुम्ही पलीकडून घ्यायचात, तुमच्या देखत ती खायची, आणि रिकामी वाटी राखेने घासून परत यायची. मी अंगणवाडीत असले की हे सरकवायचे. सुरुवातीला आपण मांजरीपुरतंच बोलायचो. खाल्लं का, हगली का, कशी हगली. मग हळूहळू वाटीबरोबर दुसरंही यायला लागलं. तुमच्या हातचं लिंबाचं लोणचं आलं, माझ्याकडून वांगी गेली, अमोलच्या बारावीच्या पेढ्यातला पहिला पेढा गेला. सोमवारी मी तिला काट्यावर घालायचे आणि तुम्ही पलीकडून विचारायचात, "किती भरली?" दीड किलो झाली तेव्हा तुम्ही गूळ वाटलात. मला मोरीतून, गल्लीला दारातून.

एकदा मला दिवसभराच्या मीटिंगला संग्रामपूरला जावं लागलं, हेही घरी नव्हते, आणि मी अंडं उकडून ठेवायला विसरले. आठवलं तेव्हा गाडी सुटली होती. चारला परत आले आणि भिंतीवरून डोकावले. तुम्ही अंगणाच्या पार टोकाला तीन विटा मांडल्या होत्या, वर पेंड ठेवायचा गंजका डबा, डब्यात पाणी उकळतंय. पदर नाकावर बांधलेला आणि हातात लांब चिमटा, जणू विंचू पकडायला निघाला आहात. अंडं तुम्ही कोणाकडून आणवलं ते मला अजून कळलेलं नाही.

"पाहून काय राह्यली?" तुम्ही म्हणालात. "म्या खाल्लं थोडीच आहे."

"माळीचं काय, बाई?"

"माळीले सांगतलं म्या, तिकडं पाह्य म्हून."

मग तुम्ही डोक्यावरून आंघोळ केलीत, आणि पाहुणी त्या गंजक्या डब्यापाशी बसून मिशा पुसत होती. एवढं मोठं मन मी पोथी वाचणाऱ्या पुष्कळ माणसांत पाहिलेलं नाही. हे तेव्हा सांगायला हवं होतं. तेव्हा मी एवढंच म्हणाले की अंडं जास्त उकडलं गेलं.

पावसाळा संपेपर्यंत ती तीन किलोला टेकली. केसांना चमक आली, स्वतःचं अंग स्वतः चाटायला लागली, आणि एके दिवशी उंदीर मारून मधल्या भिंतीवर ठेवला, तुमच्याही अंगणात नाही आणि माझ्याही नाही. भिंत तिचीच झाली. ह्यांनी एकदा सुचवलं की आता भिंतीला दार पाडून घेऊ. मला पटलं होतं. तुम्ही ठाम नाही म्हणालात. "राहू दे भिंत. भिंत आहे म्हून पटते आपलं." मी तेव्हा मनातून दुखावले. आता वाटतं, तुमचं बरोबर होतं. दार असतं तर पंधरा दिवसांत आपण चुलीवरून भांडलो असतो.

एक दुपार मात्र मी विसरत नाही. तुमच्या अंगणात गल्लीतली एक बाई बसली होती, आणि मी इकडे मोरीपाशी वाटी घेऊन. ती म्हणाली, "लेकरू नाही म्हून मांजर पोसली का वो बाई?" माझंच वाक्य होतं ते, दुसऱ्या तोंडात गेलेलं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "नाही वो. मांजर उपाशी होती म्हून पोसली." आणि मोरीतून हात पुढे करून माझ्याकडून वाटी घेतलीत. ती बाई उठून गेल्यावर मी बोलणारच होते. तुम्ही विचारलंत, उद्या बाजारातून हळद आणशील का. मी म्हणाले, आणते.

या हिवाळ्यात तुमचं हृदय थकलं. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं ते सगळ्यांनी ऐकलं, आणि तुम्ही म्हणालात, घरी न्या. तेव्हा मी रस्त्याने फिरून तुमच्या पुढच्या दाराने आत आले. तुमची खाट, तुमचा ओटा, देव्हारा, सगळं चौदा वर्षांनी निवांत पाहिलं. तुमची अन्नावरची वासना उडाली होती. मी पेज करून चमच्याने भरवायला बसले, थोडी थोडी, वारंवार. पायाशी पाहुणी. तुम्ही दोन चमच्यांनंतर म्हणालात, "मोजून काऊन देतं? मले बी झोळीत टांगतं का?" मी म्हणाले, टांगीन. तुम्ही हसलात आणि तिसरा चमचा घेतलात.

त्या खोलीत तेव्हा कोणी नव्हतं. गर्दी नव्हती, पाटी नव्हती, गल्लीतली बाई नव्हती. माझ्याकडे कुठलंच निमित्त उरलं नव्हतं. मी म्हणाले, "बाई, त्या दिवशी दवाखान्यात मी जे बोलली..."

तुम्ही माझ्या हातावर हात ठेवलात. "राहू दे. बोलून टाकशीन त मोकळी होशीन. मंग कायले येशीन मोरीपाशी?"

म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊक होतं. पाच वर्षं, दिवसातून चार वेळा, मी वाटीबरोबर काय सरकवत होते ते तुम्ही ओळखलं होतंत, आणि मुद्दाम घेत नव्हतात. मला राग आला. अजूनही थोडा आहे. माणसाला असं टांगून ठेवू नये, बाई. पण खरं सांगते, त्या पाच वर्षांइतकी मी कोणासाठी घड्याळाकडे पाहून धावले नाही, आणि धावण्यात इतकं सुख असतं हेही मला ठाऊक नव्हतं. तुम्ही मला मोकळी केली असतीत तर हे मिळालं नसतं.

पाच दिवसांनी तुम्ही गेलात. सकाळी, सहाच्या वाटीच्या आधी.

तुमच्यामागे करायचं कोणी, याची चर्चा सुरू व्हायच्या आतच अमोल पोचला. बावीस वर्षांचा झाला आहे. त्याने कोणाला विचारलं नाही, मडकं उचललं आणि पुढे झाला. ह्यांनी फक्त वाट करून दिली.

दहाव्याला नदीवर गेलो. आपल्या गावचा न्हावी आजारी, म्हणून बाहेरचा बोलावला होता. त्याला आपल्या घरातलं काही ठाऊक नव्हतं. अमोल त्याच्यापुढे उकिडवा बसला, मी दोन हातांवर पिंडाचं साहित्य घेऊन उभी. केस भिजवता भिजवता, बोलायचं म्हणून त्याने विचारलं, "कोन होत्या, दादा?"

"माय," अमोल म्हणाला.

न्हाव्याने मान वर केली. माझ्या कपाळावर कुंकू, मी रडते आहे. "अन् ह्या?"

"ह्या बी माय."

न्हावी वस्तरा फिरवत राहिला. अमोलचे केस माझ्या पायांपाशी पडत होते, आणि तो मोडून जुळलेला हात त्याने गुडघ्यावर ठेवला होता.

माझं चुकलं होतं, बाई. तुम्हाला लेकरू होतं.